वाचकांचे प्रश्न : तयार कपड्यांचा उद्योग आणि सामाजिक उत्तरदायित्वाच्या भागीदाऱ्या

तयार कपड्यांच्या उद्योगात कंपन्या, स्वयंसेवी संस्था, कामगार संघटना आणि शासन यांनी एकत्र येऊन चालवलेल्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या उपक्रमांविषयी आलेल्या पत्रांतून सहा प्रश्न या वेळी निवडले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची संस्था महिलांच्या आरोग्यावर काम करते. कपड्यांची निर्यात करणाऱ्या एका कंपनीने आपल्या कारखान्यात आरोग्य शिबिरे आणि प्रशिक्षण वर्ग घेण्यासाठी आम्हाला तीन वर्षांचा निधी देऊ केला आहे. करारावर सही करण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर : रकमेचे कलम वाचण्याआधी माहितीविषयीचे कलम वाचावे. शिलाई विभागातील एखाद्या बाईचे हिमोग्लोबिन कमी आहे, तिला दिवस गेले आहेत किंवा बसून काम केल्याने तिच्या पाठीचे दुखणे वाढले आहे, हे शिबिरात तुमच्यासमोर येईल. तीच माहिती मनुष्यबळ विभागाच्या हाती पडली तर ती बाई पुढच्या महिन्यात कामावर असेल याची खात्री देता येत नाही. गरोदर कामगारांना कोणते तरी निमित्त काढून कमी केल्याच्या नोंदी या उद्योगात अनेक देशांत झालेल्या आहेत. म्हणून वैयक्तिक नोंदी संस्थेच्याच ताब्यात राहतील आणि व्यवस्थापनाला फक्त एकत्रित आकडे मिळतील, असे करारात स्पष्ट लिहून घ्यावे.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. शिबिराच्या निमित्ताने तुमच्या कार्यकर्त्या कारखान्यात वरचेवर जातील, तेव्हा त्यांना आरोग्याखेरीज इतर गोष्टीही दिसतील : कुलूप घातलेले आपत्कालीन दार, स्वच्छतागृहात जाण्यासाठी मागावी लागणारी परवानगी, तासाचे टार्गेट चुकले की सुपरवायझरच्या तोंडून निघणारे शब्द. अशा वेळी संस्थेने काय करायचे हे आधी ठरलेले नसेल, तर गोपनीयतेचे सर्वसाधारण कलम तुमचे तोंड बंद करते आणि संस्थेचे नाव मात्र कंपनीच्या वार्षिक अहवालात झळकत राहते. गंभीर बाब दिसल्यास ती कोणाला कळवायची, कंपनीने किती दिवसांत उत्तर द्यायचे आणि उत्तर न आल्यास ती बाब बाहेर मांडण्याची संस्थेला मोकळीक आहे की नाही, या तिन्ही गोष्टी लिखित असाव्यात. त्या लिहून देण्यास कंपनी तयार नसेल, तर निधी कितीही आकर्षक असला तरी सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाटाघाटीत तुमची बाजू तुम्ही समजता तेवढी दुबळी नाही. 2007 साली सुरू झालेल्या दोन उपक्रमांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. कंपन्यांसोबत सामाजिक जबाबदारीवर काम करणाऱ्या बीएसआर या संस्थेच्या हरप्रोजेक्टने कारखान्यांतील महिलांना आरोग्यविषयक शिक्षण देण्यास आरंभ केला आणि गॅप कंपनीने पेस नावाचा कौशल्य प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पेसचा बंगळुरूमधील शाही एक्स्पोर्ट्सच्या कारखान्यांतील परिणाम अर्थशास्त्रज्ञांनी काटेकोर पद्धतीने तपासला, तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्या महिलांची उत्पादकता वाढल्याचे आणि कंपनीने केलेला खर्च थोड्याच काळात कितीतरी पटीने वसूल झाल्याचे आढळले. वेतनातील वाढ मात्र नाममात्र होती. याचा अर्थ असा की कंपनी तुमच्यावर उपकार करीत नाही. प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि भरपगारी असावे, तसेच ते पूर्ण करणाऱ्या महिलांचा बढतीसाठी विचार व्हावा, ही मागणी तुम्ही निःसंकोच करू शकता. कारखान्यात कामगार संघटना असेल तर तिच्याशी सही करण्याआधीच बोलावे. तुमचे शिबिर तिच्या जागी उभे केले जात नाही ना, हे सर्वांत आधी तिलाच कळेल.

प्रश्न : राणा प्लाझाच्या दुर्घटनेनंतर बांगलादेशात अकॉर्ड आणि अलायन्स असे दोन उपक्रम निघाले. दोन्हींचा उद्देश कारखान्यांची सुरक्षितता हाच होता. मग अभ्यासक अकॉर्डलाच अधिक महत्त्व का देतात?

उत्तर : 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, परंतु वरच्या मजल्यांवरील शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर चढवण्यात आले. त्या इमारतीतील काही कारखान्यांचे सामाजिक ऑडिट पूर्वी झालेले होते, मात्र इमारतीचे खांब तपासणे हा त्या ऑडिटचा भागच नव्हता. त्याच्या पाच महिने आधी, नोव्हेंबर 2012 मध्ये, ताझरीन फॅशन्समधील आगीत शंभरहून अधिक कामगार गेले होते. तेव्हा प्रश्न एका इमारतीचा राहिला नव्हता. ब्रँडने आचारसंहिता लिहायची, पुरवठादाराने ती भिंतीवर लावायची आणि खासगी ऑडिटरने खूण करायची, ही सगळी पद्धतच उघडी पडली होती.

अकॉर्ड मे 2013 मध्ये झाला. त्यावर प्रामुख्याने युरोपीय असलेल्या ब्रँडनी आणि इंडस्ट्रिऑल व युनी या दोन जागतिक कामगार महासंघांनी सह्या केल्या. स्वच्छ कपड्यांसाठी मोहीम चालवणाऱ्या क्लीन क्लोद्स कॅम्पेनसारख्या चार स्वयंसेवी संस्था साक्षीदार म्हणून राहिल्या. सुकाणू समितीत ब्रँड आणि संघटना यांना समान जागा होत्या आणि अध्यक्षपद आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तटस्थ प्रतिनिधीकडे होते. अलायन्स जुलै 2013 मध्ये वॉलमार्ट, गॅप आदी उत्तर अमेरिकी कंपन्यांनी स्थापन केला. तेथे कामगार संघटना करारात पक्षकार नव्हत्या.

हा फरक कागदावरचा वाटेल, पण पुढे काय घडले ते पाहावे. अकॉर्डमध्ये वाद झाल्यास लवादाकडे जाण्याची आणि लवादाचा निर्णय ब्रँडच्या मायदेशातील न्यायालयात अमलात आणण्याची तरतूद होती. दोन ब्रँडनी दुरुस्तीबाबतची बांधिलकी पाळली नाही, असा आरोप ठेवून दोन्ही महासंघांनी हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाच्या व्यवस्थेखाली दावे दाखल केले. दोन्ही दावे तडजोडीने मिटले आणि त्यांपैकी एकात, जानेवारी 2018 मध्ये, ब्रँडने 23 लाख डॉलर देण्याचे मान्य केले. सामाजिक उत्तरदायित्वाच्या नावाखाली दिलेले वचन मोडल्याबद्दल ब्रँडला पैसे मोजावे लागल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. शिवाय तपासणीचे अहवाल कारखान्याच्या नावानिशी प्रसिद्ध होत, धोकादायक जागी काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क करारातच नोंदला होता, आणि दुरुस्तीचा खर्च पुरवठादाराला झेपेल अशा व्यापारी अटी ठेवण्याची जबाबदारी ब्रँडवर होती.

अलायन्सवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्याच्या अभियंत्यांनी केलेल्या तपासण्या खऱ्या होत्या, त्याने कामगारांसाठी चालवलेली हेल्पलाइन उपयोगी ठरली आणि 2018 अखेर त्याने काम थांबवले तेव्हा बहुतांश दुरुस्त्या पूर्ण झाल्याचे जाहीर केले. केवळ दुरुस्त्या मोजल्या तर दोन्ही उपक्रमांतील अंतर फारसे दिसणार नाही. मात्र अलायन्सने काम थांबवायचे ठरवले तेव्हा त्याला ते थांबवता आले, हा फरक मोजणीत येत नाही. अकॉर्डचे बांगलादेशातील काम जून 2020 पासून आरएमजी सस्टेनेबिलिटी कौन्सिल या संस्थेकडे गेले, ज्यात कारखानदार, ब्रँड आणि संघटना असे तिघे आहेत. सप्टेंबर 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय अकॉर्ड अस्तित्वात आला आणि पुढे तो पाकिस्तानातही पोहोचला.

अकॉर्डलाही एक मर्यादा आहे आणि तिची चर्चा कमी होते. आगीचे दार बसवले की नाही, खांबावर पेलवेल त्याहून अधिक भार आहे का, हे अभियंता मोजून सांगू शकतो, आणि एकदा दुरुस्ती झाली की कपड्याच्या दरावर तिचा भार कायम राहत नाही. वेतनाचे तसे नसते. ते दर महिन्याला द्यावे लागते आणि थेट दरात उतरते. बांगलादेशात तयार कपडे उद्योगाचे किमान मासिक वेतन 2018 च्या 8,000 टका (तेथील चलन) वरून थेट 2023 अखेरीस 12,500 टका झाले, तेही कामगार रस्त्यावर उतरल्यानंतर आणि काहींचा त्यात बळी गेल्यानंतर. सुरक्षिततेसाठी एका टेबलाशी बसलेल्या त्याच पक्षांनी वेतनासाठी तसे टेबल मांडले नव्हते.

प्रश्न : मी निर्यातदार आहे. माझ्या कारखान्यात वर्षभर कोणत्या ना कोणत्या ब्रँडचे ऑडिट चालू असते, प्रत्येकाची आचारसंहिता वेगळी, सुधारणांचा खर्च आमचा, आणि दर मात्र दरवर्षी कमी मागितला जातो. आम्हाला भागीदार म्हणतात, पण यात भागीदारी कुठे आहे?

उत्तर : तुमची तक्रार बरीचशी रास्त आहे. 2020 च्या वसंतात महासाथीमुळे दुकाने बंद पडली, तेव्हा अनेक मोठ्या खरेदीदारांनी शिवून तयार झालेला आणि कापड कापून ठेवलेला मालही घेण्यास नकार दिला. एकट्या बांगलादेशात रद्द झालेल्या किंवा लांबणीवर टाकलेल्या ऑर्डरची रक्कम तेथील निर्यातदार संघटनेने तीन अब्ज डॉलरहून अधिक सांगितली होती. त्यांतल्या कित्येक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पुरवठादारांशी असलेल्या दीर्घकालीन भागीदारीची पाने होती. पुढे जगभरातील दबावामुळे अनेकांनी पैसे दिले, तरी संकट आल्यावर जोखीम कोणाच्या अंगावर ढकलली जाते हे सर्वांना दिसले.

ऑडिटची पुनरावृत्ती कमी करण्यासाठी काही प्रयत्न चालू आहेत. सोशल अँड लेबर कन्व्हर्जन्स प्रोग्रॅममध्ये एकदा गोळा करून पडताळलेली माहिती अनेक खरेदीदारांनी स्वीकारावी, अशी योजना आहे. आपल्या खरेदीदारांपैकी कोण ती माहिती मान्य करतो हे विचारून घ्यावे आणि जो मान्य करतो त्याला स्वतंत्र ऑडिट कशासाठी हवे, हेही विचारावे. पण ऑडिट कमी झाली म्हणून मूळ दुखणे बरे होत नाही. 2012 च्या सप्टेंबरमध्ये कराचीतील अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले, आणि त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए 8000 हे प्रतिष्ठेचे सामाजिक प्रमाणपत्र मिळाले होते.

मूळ दुखणे खरेदीच्या पद्धतीत आहे. डिझाइनला शेवटच्या क्षणी बदल सांगायचा, माल पाठवण्याची तारीख मात्र तीच ठेवायची, म्हणजे ओव्हरटाइम ठरलेला; आणि नंतर त्याच ओव्हरटाइमबद्दल ऑडिटमध्ये पुरवठादाराला गुण कमी द्यायचे. ही विसंगती तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. अॅक्ट या नावाने 2015 पासून काही ब्रँड आणि इंडस्ट्रिऑल महासंघ जी वाटाघाट करीत आहेत, तिच्यात मजुरीचा खर्च दराच्या घासाघिशीतून वेगळा काढण्याचे तत्त्व आहे. म्हणजे कापड, बटणे, वाहतूक यांवर घासाघीस करावी, पण एका नगामागे लागणारी मजुरी स्वतंत्र ओळीत लिहावी आणि तिला हात लावू नये. कोणत्याही नव्या उपक्रमात सामील होण्यास सांगितले गेले, तर खर्चाच्या तक्त्यात ही ओळ येणार का, असा एकच प्रश्न विचारून पाहावा. उत्तरावरून पुढच्या माणसाला भागीदार हवा आहे की छायाचित्रासाठी सोबती, हे कळेल. एकट्या कारखान्याने विचारण्यापेक्षा निर्यातदारांच्या संघटनेने विचारणे अर्थात अधिक शहाणपणाचे.

एक गोष्ट मात्र तुमच्याही बाजूने सुटता कामा नये. ज्या हंगामात दर चांगला मिळाला, त्या हंगामात शिलाई कामगाराच्या वेतनपत्रात काय बदलले, आणि घाईच्या दिवसांत उपकंत्राटावर बाहेर दिलेला माल कोणत्या खोलीत शिवला गेला, हे खरेदीदाराने विचारले तर दाखवायला कागद हवेत.

प्रश्न : कपड्याच्या पट्टीवर अमुक संस्थेच्या सहकार्याने पर्यावरणपूरक उत्पादन, असे छापलेले असते. ग्राहकाने त्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : संस्था नेमके काय तपासते हे शोधून पाहावे, कारण अनेकदा पट्टीवरील दावा संस्थेच्या कामापेक्षा मोठा असतो. सुधारित पद्धतीने कापूस पिकवण्यासाठीच्या बेटर कॉटन या उपक्रमाचे उदाहरण घ्या. तेथे दीर्घकाळ अशी पद्धत होती की कंपनीने जेवढा कापूस विकत घेतला तेवढा कापूस सुधारित पद्धतीने पिकवला गेला, याचा हिशेब जुळायला हवा. तुमच्या हातातील सदऱ्यात तोच कापूस असेल असा दावा त्यात नव्हता. माग काढता येणारा कापूस त्यांनी 2023 अखेरीस आणला. शेतकऱ्याच्या दृष्टीने जुनी पद्धतही निरर्थक नाही, पण ग्राहकाचा समज वेगळा होतो. 2022 साली नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने कपड्यांचा पर्यावरणावरील परिणाम मोजणाऱ्या हिग निर्देशांकाच्या आकड्यांवर आधारलेली एका कंपनीची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. तो निर्देशांक ब्रँडनी, पुरवठादारांनी आणि संस्थांनी मिळून तयार केलेला होता, एवढ्याने तो जाहिरातीत वापरण्याइतका पक्का ठरला नाही.

प्रश्न : कामगारांचे संरक्षण हे शासनाचे काम आहे. ब्रँड आणि स्वयंसेवी संस्थांनी ते हाती घेतले, तर शासन आपली जबाबदारी झटकणार नाही का?

उत्तर : ती भीती खरी आहे, तथापि शासनाला बाहेर ठेवूनही फारसे साधत नाही. कंबोडियाचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. 1999 साली अमेरिका आणि कंबोडिया यांच्यात वस्त्र व्यापाराचा करार झाला, त्यात कामगारांची स्थिती सुधारल्यास निर्यातीचा कोटा, म्हणजे ठरवून दिलेली मर्यादा, वाढवून देण्याची तरतूद होती. तपासणीचे काम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2001 पासून केले आणि अहवालांत कारखान्यांची नावे प्रसिद्ध होत गेली. जागतिक कोटापद्धती 2004 च्या अखेरीस संपली, आमिष गेले, पुढे नावे प्रसिद्ध करणेही थांबले आणि सुधारणांचा वेग मंदावला. 2014 मध्ये नावे पुन्हा जाहीर होऊ लागली. तोच प्रयोग 2007 पासून आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या सहभागाने बेटर वर्क या नावाने इतर देशांत गेला. शासनांनी व्यापाराची किल्ली हातात ठेवली तोवर तपासणीला वजन होते.

कायद्यांतही दोन प्रकार दिसतात. भारताच्या कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते, परंतु केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हिताचा खर्च त्यात धरला जात नाही. ते योग्यच आहे, कारण कामगाराला त्याचे देणे देणे हा दानधर्म नव्हे. याउलट फ्रान्सचा 2017 चा आणि जर्मनीचा 2023 पासून लागू झालेला पुरवठा साखळीचा कायदा खर्चाविषयी काही म्हणत नाही. पुरवठादारांकडे मानवी हक्कांचा भंग होऊ नये म्हणून कंपनीने काय केले, ते तो विचारतो. कपडे उद्योगातील भागीदाऱ्यांना दुसऱ्या प्रकारचा कायदाच अधिक उपयोगी पडेल, कारण तो थेट खरेदी विभागाच्या दाराशी जातो.

प्रश्न : लैंगिक छळासारख्या प्रश्नावर असा बंधनकारक करार होऊ शकतो का? आमच्या संघटनेत यावर चर्चा चालू आहे.

उत्तर : झालेला आहे. आफ्रिकेतील लेसोथो या देशात 2019 साली नियेन सिंग या कंपनीच्या जीन्स कारखान्यांसाठी लिव्हाय स्ट्रॉससह काही ब्रँड, स्थानिक कामगार संघटना आणि महिला संघटना यांच्यात असे करार झाले. तमिळनाडूत एका तरुण कामगार महिलेच्या हत्येनंतर एप्रिल 2022 मध्ये दिंडिगल करार झाला. तेथील टीटीसीयू ही प्रामुख्याने दलित महिलांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटना, एशिया फ्लोअर वेज अलायन्स ही आशियातील कामगार संघटनांची आघाडी, अमेरिकेतील एक कामगार हक्क संस्था आणि ईस्टमन एक्स्पोर्ट्स ही पुरवठादार कंपनी हे त्यातील पक्षकार. एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच यांनी संबंधित करारांवर सह्या केल्या. पुरवठादाराने करार मोडला तर ब्रँडने व्यापारी परिणाम घडवून आणायचे, हे बंधन त्यात आहे. लाइनवर काम करणाऱ्या महिलांमधूनच प्रशिक्षित देखरेखदार नेमण्याची सोय आहे आणि तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे. जुलै 2022 मध्ये अमेरिकी सीमाशुल्क विभागाने ईस्टमनच्या एका कारखान्याचा माल अडवण्याचा आदेश काढला. करारामुळे झालेल्या सुधारणांचे पुरावे सादर झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो आदेश शिथिल झाला. छळाची तक्रार सुपरवायझरकडेच करावी लागत असेल तर ती कोणीच करत नाही. मशीनवर शेजारी बसणारी बाई ती ऐकून घेणार असेल, तर बोलणे सुरू होते.

तुमच्या चर्चेत एक मुद्दा आधीच घ्यावा. ब्रँडने ऑर्डर दुसरीकडे हलवल्या तर करारातील व्यापारी परिणामाच्या कलमाला काही अर्थ उरत नाही आणि तक्रार करणाऱ्या महिलेचीच नोकरी जाते. म्हणून किती वर्षे आणि साधारण किती प्रमाणात त्या कारखान्यात काम राहील याचे आश्वासन ब्रँडकडून करारात घ्यावे, आणि तक्रारींची यंत्रणा कशी असावी याच्या मसुद्याला त्यानंतर हात घालावा.